भांगाच्या दिवसांतलं उधाण

हर्णैच्या बंदरावर समुद्राची बाराखडी मला तांडेलकाकांनी शिकवली. आमचे वडील तिथल्या शाळेत मास्तर होते, बिऱ्हाड बंदरावरच्या चढावर. होड्या लागल्या की मी खाली पळायचो. काका जाळं सांधत बसलेले असायचे. हात चालू ठेवून ते आकाशातल्या चंद्राकडे नुसती हनुवटी उचलायचे आणि मला पाणी सांगायला लावायचे. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. उधाणाला पाणी खूप चढतं आणि तेवढंच सुकतं. भांगाला ते जेमतेम हलतं. चुकलो तर ओरडायचे नाहीत. "परत बघ" एवढंच म्हणायचे.

त्यांची एक गोष्ट मात्र बंदरावर कुणी खरी मानत नसे. तरुणपणी ते मुंबई बंदरात एका गलबतावर खलाशी होते. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, थंडी पडली होती. सकाळी न्याहरीच्या वेळी पाणी एकाएकी ओसरलं, मग दोन पुरुष चढलं, पुन्हा ओसरलं. नांगरावरच्या नावा सुटून एकमेकींवर आदळल्या. "एका पहरात तीनदा भरती नि तीनदा सुकती," काका सांगायचे, "आणि दिवस भांगाचे. कार्तिकी पुनव होऊन आठ-नऊ दिवस झालेले."

इथेच ऐकणारे थांबायचे. भांगाला उधाण येतं असं सांगणाऱ्या दर्यावर्दीवर कोण विश्वास ठेवणार? लोक म्हणायचे, तांडेलाच्या डोक्यात गोदीचा स्फोट बसलाय. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेलं 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं होतं आणि आसपासची जहाजंही त्या धक्क्याने उडाली होती. काकांनी तेच पाहिलं असणार आणि वर्ष चुकत असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

पुण्याला भूशास्त्र शिकायला लागल्यावर एका दिवाळीत मीही त्यांना तेच सांगितलं. वर पुस्तकातलंही सांगितलं, की असल्या लाटा जपानला येतात, चिलीला, हवाई बेटांना येतात. आपला अरबी समुद्र त्यातला नव्हे. काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाळा, स्फोट ऐकू येतो. त्या दिवशी आवाज नव्हता." आणि माझा चेहरा पाहून म्हणाले, "पण तू शिकलेला. तू म्हणतोस तर असंल."

त्यांनी ती गोष्ट मला पुन्हा कधी सांगितली नाही. २००४ सालच्या आधीच ते गेले.

२६ डिसेंबर २००४ ची सकाळ आपल्याला ठाऊक आहे. सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांहून अधिक माणसं गेली. आपल्याकडे हा आकडा दहा हजारांच्या वर होता. भूकंपाची नोंद काही मिनिटांत जगभरच्या वेधशाळांत झाली होती. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. पॅसिफिक महासागरातल्या देशांची इशारा देणारी सामायिक यंत्रणा १९६५ पासून उभी होती. हिंदी महासागराला तशी यंत्रणा नव्हती. भूकंप कळलेला माणूस एका टोकाला आणि किनाऱ्यावरचा माणूस दुसऱ्या टोकाला, मध्ये निरोप नेणारं कुणी नाही, अशी ती दोन तासांची पोकळी होती.

त्यानंतर देशोदेशींच्या भूशास्त्रज्ञांना एकत्र बसवून शिकवण्याचे वर्ग सुरू झाले. मी तेव्हा महाविद्यालयात शिकवत होतो. अशाच एका वर्गासाठी मला थायलंडच्या फ्रा थोंग बेटावर जायला मिळालं. आम्हाला शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांचे विद्यार्थी त्यांना 'आचान' म्हणत. हा शब्द आपल्या 'आचार्य'चंच थाई रूप, हे कळलं तेव्हापासून मीही त्यांना तेच म्हणू लागलो.

त्या बेटावर जुन्या वाळूच्या ओळी आहेत आणि दोन ओळींमधल्या सखल जागी काळी, कुजट माती साठते. आचानांनी आमच्या हाती फावडी दिली. हातभर खोल खणल्यावर चराच्या भिंतीत काळ्या मातीवर पांढऱ्या वाळूचा थर दिसला. तो २००४ चा. त्याच्या खाली काळी माती. त्याखाली पुन्हा पांढरी वाळू. थाई संशोधक क्रुआवुन जंकाएव आणि त्यांच्या देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिलं होतं, की हा खालचा थर साधारण साडेपाचशे ते सातशे वर्षांपूर्वीच्या लाटेचा आहे. त्याच सुमाराच्या लाटेची खूण इंडोनेशियातल्या आचेच्या किनाऱ्यावरही सापडली होती. म्हणजे २००४ ची लाट पहिली नव्हती. दोन लाटांमध्ये माणसांच्या इतक्या पिढ्या गेल्या, की आठवण पुसली गेली.

आचानांनी चराच्या भिंतीवर कापड लावून त्यावर डिंकासारखं द्रावण चढवलं. ते वाळल्यावर कापड ओढलं तर भिंतीचा पातळ पापुद्रा जसाच्या तसा त्यावर उतरला. असा एकेक पापुद्रा त्यांनी प्रत्येक देशाच्या विद्यार्थ्याला दिला. माझा आज माझ्या अभ्यासाच्या खोलीत भिंतीवर आहे, पांढरा, काळा, पांढरा. त्या बेटावरची माणसं २००४ च्या लाटेत गेली होती. आपल्या दुःखाच्या जागी फावडं मारायला परक्यांना बोलावणं आणि त्यातून काय शिकायचं ते हात धरून दाखवणं, याला मोठं मन लागतं. "आठवण चुकत असेल, माती चुकत नाही, पण मातीला विचारावं लागतं," असं त्या म्हणायच्या. ते वाक्य ऐकताना मला पहिल्यांदा हर्णैच्या बंदरावर जाळं सांधणारे हात आठवले.

दुसरं ऋण मस्कतमधलं. अरबी समुद्राभोवतीच्या देशांच्या एका कार्यशाळेत माझ्या शेजारी पाकिस्तानातले एक अभ्यासक बसत. ते मकरान किनाऱ्यावरचे बलुच. बलुचीत आदराने हाक मारायला 'वाजा' म्हणतात; मी त्यांना तीच हाक मारू लागलो आणि ते मला 'भाई' म्हणू लागले. आमच्या देशांतून एकमेकांकडे जायला वाट बिकट, म्हणून भेट तिसऱ्या देशात. संध्याकाळी समुद्राकाठी चहा घेताना आमची उर्दू-हिंदी अशी मिसळ चालायची.

वाजा गावोगाव फिरून म्हाताऱ्या मच्छीमारांच्या आठवणी टिपून घेत. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे, भारतीय वेळेनुसार साडेतीनच्या सुमाराला, मकरान किनाऱ्यावरच्या पसनीजवळ समुद्रात ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता. तिथे अरबी समुद्राचा तळ आशियाच्या भूखंडाखाली सरकतो आहे. वर्षाला काही सेंटिमीटर, पण थांबत नाही. पसनीच्या एका वृद्धाचं बोलणं वाजांनी मला उलगडून सांगितलं. पहिल्या पाण्याने फार काही झालं नाही. लोक परत खाली आले. मोठं पाणी त्यानंतर आलं. आणि मग समुद्र बराच वेळ भरत-ओसरत राहिला. "एका सकाळीत कितीतरी भरत्या," असे त्या म्हाताऱ्याचे शब्द होते.

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. एका पहरात तीनदा भरती नि तीनदा सुकती.

खोलीवर जाऊन मी आकडेमोड केली. त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा १९ नोव्हेंबरला होती. २८ तारीख म्हणजे त्यानंतरचा नववा दिवस. काका म्हणाले होते, आठ-नऊ. भांगाचे दिवस. त्यांनी तारीख लिहून ठेवली नव्हती, त्यांना इंग्रजी महिना सांगता येत नव्हता. पण चंद्र त्यांनी बरोबर धरून ठेवला होता.

पुढे कागदही सापडत गेले. हवामान खात्याच्या सी. जी. पेंडसे यांनी या भूकंपावर त्या काळीच लिहिलेल्या टिपणाचा हवाला आजही दिला जातो. मुंबईत सकाळी सव्वाआठच्या सुमाराला लाट आली, तिची उंची सुमारे २ मीटर असल्याचं सांगितलं गेलं, नावा नांगरावरून सुटल्या आणि माणसं दगावली. अपोलो बंदरावर भरतीमापक १८७८ पासून आहे. विहिरीतल्या तरंगत्या गोळ्याबरोबर वरखाली होणारी लेखणी, घड्याळाच्या गतीने फिरणारा कागद. कराचीलाही तसाच. १९४५ साली ही दोन्ही यंत्रं एकाच देशाची होती. दोन वर्षांत ती दोन देशांची झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. नीतू आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ते दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. मकरानचा उथळ किनारी तळ लाटांना अडकवून ठेवतो, त्या तिथल्या तिथे आपटत राहतात, म्हणून पाणी लवकर शांत होत नाही, असं त्यांनी मांडलं. कराचीचा कागद नसता तर मुंबईच्या कागदाचा अर्थ अर्धाच राहिला असता.

ते वाचून झाल्यावर मी उठून खिडकीशी गेलो. काका खोटं बोलत नव्हते, हे मला माझ्या विद्येने सांगितलं नाही. ते पसनीच्या एका अनोळखी म्हाताऱ्याने सांगितलं, आणि वाजांनी ते माझ्यापर्यंत आणलं. माझ्या गावचं खरेपण सरहद्दीपलीकडे कुणाच्या तरी आठवणीत ठेव म्हणून जपलेलं होतं.

नंतर जकार्ताहून युनेस्कोने अशा आठवणींची पुस्तिका २०१५ साली काढली. तिच्यात इराण, पाकिस्तान, ओमान आणि भारत या चार देशांच्या किनाऱ्यांवरच्या आठवणी आहेत. राजकारणात हे देश एका पानावर क्वचितच येतात. तिथे ते आले.

या सहकार्याचा उपयोग काय, असं मला विद्यार्थी विचारतात. मी त्यांना नकाशा दाखवतो. मकरानला समुद्रतळ हलला तर पसनी, ग्वादर, चाबहारच्या लोकांना मिनिटं मिळतात. मस्कतला तासाच्या आतलाच वेळ. मुंबईला १९४५ साली जवळजवळ पाच तास मिळाले होते. हे पाच तास आपले आहेत खरे, पण ते मोजले जातात शेजाऱ्यांच्या किनाऱ्यावर. भूकंपमापक सांगतो की जमीन हलली. पाणी खरोखर उठलं की नाही ते आधी पाकिस्तान, इराण, ओमानच्या भरतीमापकांना कळतं. २४ सप्टेंबर २०१३ ला बलुचिस्तानात अवारानजवळ भूकंप झाला, तो जमिनीवरचा होता. तरीही ग्वादरसमोर चिखलाचं एक बेट वर आलं आणि ओमानच्या कुरय्यातच्या मापकाने लहानशी लाट नोंदवली. त्या मापकाचे आकडे इतरांना दिसत होते, म्हणूनच ती गोष्ट सर्वांना अभ्यासता आली.

आज हिंदी महासागराची यंत्रणा उभी आहे. २००५ साली तिची समिती झाली. २००७ पासून हैदराबादचं आपलं केंद्र काम करतं. २०११ पासून भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया हे तीन देश सगळ्या महासागरासाठी इशारे देतात. म्हणजे मकरानला भूकंप झाला तर हैदराबादचा निरोप कराचीलाही जातो आणि मस्कतलाही. २०१४ च्या सरावात मकरानचा भूकंप कल्पून सगळ्यांनी आपापली साखळी तपासली. त्या दिवशी मी वाजांना दोन ओळी लिहिल्या. त्यांचं उत्तर आलं, "भाई, निरोप मिळाला. वेळेवर."

पण यंत्राचा निरोप शेवटचा अर्धा मैल माणसाच्या तोंडूनच जातो. इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण लोकांनी गाण्यांतून आणि 'स्मोंग' या एका शब्दात जपली. जमीन हलली, पाणी ओसरलं, की डोंगर गाठायचा. २००४ साली ते बेट भूकंपाच्या अगदी जवळ होतं, तरी जवळजवळ अठ्ठ्याहत्तर हजारांच्या वस्तीतली फक्त सात माणसं दगावली. आमच्या बंदरावरही तसा शब्द होऊ शकला असता. सांगणारा होता. आम्ही ऐकलं नाही, आणि न ऐकणाऱ्यांत सगळ्यात शिकलेला मी होतो.

आचानांचं ऋण मी विद्यार्थ्यांना चर खणायला नेऊन थोडं फेडलं. वाजांचं, त्यांनी मागितलेली प्रत्येक नोंद त्याच दिवशी पाठवून. तांडेलकाकांचं फेडायला माणूसच उरला नाही. म्हणून त्यांची साक्ष मी एका कागदावर लिहिली, खाली पौर्णिमेचा हिशेब मांडला आणि तो कागद हर्णैला त्यांच्या नातवाच्या हाती दिला. त्याने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "म्हणजे आजा बरोबर होता."

वाचकहो, तुमच्या घरात, आळीत, कोळीवाड्यात नव्वदीच्या पुढचं कुणी असेल तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. पाण्याबद्दल त्यांना काय आठवतं ते विचारा आणि तिथीसकट लिहून घ्या, पटो न पटो. आणि किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ हलली, किंवा अवेळी पाणी ओसरून तळ उघडा पडला, तर इशाऱ्याची वाट न बघता उंचावर जा. पहिलं पाणी ओसरलं म्हणून लगेच खाली उतरू नका. पसनीची माणसं तशीच उतरली होती.