आईंचं नाव कुणी खोडलं?

“मावशींना आम्ही लेहच्या बाजारात फिरवून आणतो, तुम्ही निर्धास्त जा.” टूर मॅनेजरचं हे वाक्य आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं. लडाखहून येऊन बरेच दिवस झाले. फोटो पाहून झाले, नातेवाइकांना जर्दाळू वाटून झाले. पण झांस्कर नदीचा विषय निघाला की मी आधी त्या वाक्यावर येते आणि घरातली माणसं उठून जातात. म्हणून आता लिहूनच काढते.

ऑगस्टात, 15 ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्ट्यांत आम्ही जळगावहून निघालो. माझे यजमान, मुलगा, भाऊजी, जाऊबाई, पुतणी, मी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे लेहपर्यंत विमान. कंपनी आमच्याच भागातली, नाव लिहीत नाही. सहलीच्या कागदावर मॉनेस्ट्री, पँगाँग, खारदुंगला हे नेहमीचं सगळं होतंच, पण मुलांनी हट्ट धरला होता तो राफ्टिंगचा. झांस्करवर चिलिंग गावापासून निमूपर्यंत, सुमारे 28 किलोमीटर, दोन्ही बाजूंनी उभे कडे आणि मधून पाणी. वयाची अट छापलेली होती, 14 ते 60. आईंना 58 वं चालू होतं. पैसे सातही जणांचे भरले होते.

आईंचं माहेर शिंदखेडे तालुक्यातलं, तापीच्या काठावरचं. मुडावदला पांझरा तापीला मिळते, तिथल्या कपिलेश्वराच्या यात्रेला त्या लहानपणी चालत जायच्या. पोहायला शिकल्या त्या पाठीला सुका भोपळा बांधून. पावसाळ्यात तापीचं गढूळ पाणी चढायला लागलं की काठावरची पोरं किती पायऱ्या बुडाल्या ते मोजायची, त्यांत त्या असायच्या. लग्न होऊन जळगावला आल्या आणि पोहणं संपलं. शहरात बाईमाणसाने पोहायचं कुठे? आता सुलवाडे, सारंगखेडे, प्रकाशे इथल्या बॅरेजांमुळे तापीत पाणी अडून राहतं, पण माहेरी गेल्या तरी त्या काठावर बसूनच परततात. नातवाने मोबाइलवर झांस्करचे व्हिडिओ दाखवले तेव्हा त्या चष्मा वर करून दोनदा बघून म्हणाल्या, “हाई ते पूर शे.” आणि मग, “माले पव्हता येस.” पंजाबी ड्रेस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शिवून घेतला, तो या एका दिवसासाठी.

लेहला पोहोचल्यावर दोन दिवस नुसती विश्रांती. साडेतीन हजार मीटर उंची आहे, तिथे घाई करून चालत नाही. आईंना त्रास झाला नाही. उलट जाऊबाईच डोकं धरून झोपल्या होत्या.

राफ्टिंगच्या दिवशी सकाळी निमूजवळच्या तंबूत सामान वाटप सुरू झालं. वेटसूट, लाइफ जॅकेट, हेल्मेट, वल्हं. नावं पुकारली, आमची सहाच आली. मी म्हटलं, एक राहिलं. तेव्हा मॅनेजरने ते बाजाराचं वाक्य ऐकवलं. बाहेर एक गाडी उभीच होती, तिच्यात दुसऱ्या कुटुंबातले दोघे वृद्ध बसलेले होते. मी यादी मागितली. आईंच्या नावावर रेघ, पुढे ‘सहभागी नाही’ असं लिहिलेलं आणि त्याखाली सही. सही माझ्या यजमानांची.

आदल्या रात्री जेवण झाल्यावर हॉटेलच्या दारात मॅनेजरने यांना आणि भाऊजींना बाजूला घेतलं होतं. मावशींचं वय आहे, पाणी थंड असतं, जबाबदारी आमच्यावर येते, तुम्ही सही द्या, पैसे आपण पुढे अ‍ॅडजस्ट करू. या दोघांनी हो म्हटलं. वाईट हेतू नव्हता हे मला ठाऊक आहे. आईंना बीपीची गोळी आहे, हेही खरं. पण आई त्याच हॉटेलात, वरच्या खोलीत, दुसऱ्या दिवशीचे कपडे पिशवीत भरत होत्या. दोन जिने चढून जाऊन कुणी त्यांना विचारलं नाही. आणि सकाळी त्या तो नवा ड्रेस घालून, कोरड्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन तंबूतल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्यादेखत हे सगळं चाललं होतं.

भाऊजी म्हणाले, “वहिनी, उद्या काही झालं तर?” मी म्हटलं, काही झालं तर तुम्हाला झालं तरी वाईटच आहे, मग तुमची सही तुमच्या मुलीने केली का? यजमान म्हणाले, लोकांसमोर नको. मला नेमका त्या ‘नको’चाच राग आला. कारण बाईची सही कशी घेतात हे मी याच घरात पाहिलंय. आईंच्या वडिलांच्या पश्चात शेताची वाटणी झाली तेव्हा हक्कसोडपत्रावर त्यांची सही हवी होती. तेव्हा त्यांच्या भावांनी दारात गाडी पाठवली, शिंदखेड्याला नेलं, अंगठा चालत असतानाही ‘ताईला सही येते’ म्हणून कौतुकाने सही घेतली, साडी दिली आणि परत आणून सोडलं. हक्क सोडायचा असतो तेव्हा बाईची सही तिचीच लागते, तिथे मुलाची चालत नाही. मग एका दिवसाच्या मौजेसाठी मात्र मुलाची कशी चालली? मी हे तिथे सगळ्यांसमोर बोलले. कुटुंबातली गोष्ट बाहेर काढली म्हणून हे अजून माझ्यावर नाराज आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. ही गोष्ट फक्त आमच्या घरातली नाही. धुळ्या-जळगावकडे कुठल्याही दवाखान्यात जाऊन बघा, साठीच्या बाईला काय होतंय हे डॉक्टर तिच्या मुलाला विचारतात आणि तो सांगतो.

आई एवढंच म्हणाल्या, “माले कोन्ही इचारं का?”

त्यांना विचारलं ते शेवटी तिथल्या गाइडने. लडाखी तरुण, उन्हाने रापलेला, आवाज अगदी हळू. मॅनेजरला त्याने थांबवलं आणि खुर्ची ओढून आईंच्या समोर बसला. रात्री झोप लागली का, चालताना धाप लागते का, आजची गोळी घेतली का, गुडघे कसे आहेत, पोहता येतं का. आई त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, “आता है. भोपळा बांधके सीखा.” भोपळा म्हणजे काय ते मुलाने त्याला हाताने दाखवलं. मग त्याने त्यांना लाइफ जॅकेट घालून बाहेर ठेवलेल्या राफ्टच्या फुगीर काठावर चढायला लावलं, उतरायला लावलं, दोरी धरून अंग मागे झोकायला लावलं. म्हणाला, माझ्या पुढ्यात बसायचं, मी सांगेन तेव्हा खाली बसायचं, आणि पहिल्या टप्प्यानंतर मी नको म्हटलं तर मुकाट्याने काठावर उतरून गाडीत बसायचं. आईंनी मान डोलावली. नकार देण्याचा पूर्ण अधिकार त्याने स्वतःकडे ठेवला होता. मला त्याचं काहीच वाटलं नाही. कारण तो त्यांच्याशी बोलत होता.

वेटसूट चढवणं हा एक वेगळाच सोहळा झाला. जाड रबरी कापड, आतून ओलसर, कालच्या कुणाच्या तरी अंगाचा वास असलेलं. पाय घोट्याशी अडकतो, पुढे सरकत नाही. मी आणि जाऊबाई दोघींनी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून तो सूट इंचाइंचाने वर ओढला. हातातल्या बांगड्या काढाव्या लागल्या. आईंनी त्या रुमालात बांधून माझ्याकडे दिल्या आणि मंगळसूत्र मात्र सुटाच्या आत सरकवलं.

चिलिंगपर्यंत रस्ता नदीच्या काठाकाठाने जातो. निमू-पदुम-दारचा हा 298 किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने 2024 साली जोडला, त्याआधी आतली गावं हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून, ज्याला ‘चादर’ म्हणतात तिच्यावरून चालत ये-जा करायची. चिलिंग हे तांबट कारागिरांचं गाव. त्यांचे पूर्वज नेपाळातून आले असं सांगतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे छोटंसं गाव साऱ्या लडाखात ओळखलं जातं. आम्हाला थांबायला वेळ दिला नाही, याची चुटपुट लागली आहे.

आणि ते कडे! आपल्याकडचा दगड काळा, लाव्ह्याचा, आडव्या थरांचा. सातपुड्यात जा की अजिंठ्याच्या डोंगरात, थर आडवेच. इथले थर उभे. जुन्या गाळाचे खडक, भारताचा भूखंड आशियाला धडकला तेव्हा वळले, चुरगळले आणि उभे राहिले. तांबडे, जांभळे, हिरवट पट्टे जमिनीतून सरळ आकाशात गेलेले. त्यांच्यावर गवताची काडी नाही. लेहला वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडचे धुळ्याचे लोक अवर्षणग्रस्त म्हणून ओरडतात, तरी तिथला पाऊस त्याच्या पाचपट. असल्या कोरड्या वाळवंटात एवढी मोठी नदी येते ती वितळलेल्या बर्फाची आणि हिमनद्यांची. म्हणून तिथे ऊन वाढलं की पाणी वाढतं. उन्हाळ्यात आटलेली गिरणा-पांझरा पाहत मोठ्या झालेल्या माणसाला हे पटकन पचत नाही.

पाण्यात उतरण्याआधी गाइडने सगळं पुन्हा घोकून घेतलं. ‘फॉरवर्ड’ म्हटलं की वल्हवायचं, ‘स्टॉप’ म्हटलं की हात थांबवायचे, ‘गेट डाऊन’ म्हटलं की दोरी धरून तळात बसायचं. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पाय खाली टेकवायचा प्रयत्न करू नका, दगडात अडकतो. एक जण छोट्या कयाकमधून आमच्या पुढे होता, तो फक्त पडलेल्याला उचलायला.

पहिला टप्पा सोपा होता. आई वल्हं चांगलं मारत होत्या, भाऊजींपेक्षा तालात. गाइड काही बोलला नाही, म्हणजे त्या राफ्टमध्येच राहिल्या. मग दरी अरुंद झाली. पाण्याचा आवाज आधी आला, लाट नंतर दिसली. राफ्टचं नाक वर गेलं, मातकट राखाडी पाणी तोंडावर आदळलं, ‘गेट डाऊन’ ऐकू आलं आणि डोळे उघडले तेव्हा आई जागेवर नव्हत्या.

केवढा वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. लाल हेल्मेट दिसलं, गेलं, परत दिसलं. त्या उताण्या होत्या. पाय पुढे होते. दोन्ही हात छातीवर जॅकेटला धरलेले. कयाकवाला त्यांच्याकडे वळला, पण त्याआधी आमच्या गाइडने दोरीची पिशवी फेकली, त्यांनी धरली, आणि त्याने दोन्ही खांद्यांचे पट्टे पकडून त्यांना एका हिसक्यात आत ओढलं. त्या माझ्या पायांवर येऊन पडल्या. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते.

खरं सांगते, लाल हेल्मेट दिसेनासं झालं तेव्हा माझ्या मनात एकच विचार होता, तो मॅनेजर बरोबर होता. सही बरोबर होती. बाजार बरोबर होता. सकाळी मी भांडून त्यांना इथे आणलं होतं. पुढचा सगळा वेळ मी कडे पाहिले नाहीत, आईंच्या पाठीवर हात ठेवून बसले. भाऊजी एकदा वळून म्हणाले, “मी सांगितलं होतं.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजही त्या प्रश्नाचं धड उत्तर माझ्याकडे नाही. 58 व्या वर्षी बीपीची गोळी घेणाऱ्या बाईने त्या पाण्यात उतरावं का? कदाचित नाही. दुसऱ्या कुणी मला विचारलं तर मी नको म्हणेन. पण त्या पडल्या म्हणून त्यांना न विचारता त्यांचं नाव खोडणं योग्य ठरतं का? तिथे मी हटायला तयार नाही. त्याच लाटेत पुतणीही पडू शकली असती. आणि ती 16 वर्षांची पोर त्या पाण्यात एवढी शांत उताणी राहिली असती का, याची मला शंका आहे.

निमूला संगम येतो. उन्हाळ्यात झांस्करचं पाणी सिंधूपेक्षा जास्त असतं, तरी पुढे नाव सिंधूचंच चालतं. दोन रंगांचं पाणी बरंच अंतर एकमेकांच्या शेजारून वाहताना दिसतं. काठावर गाइडने आईंना उड्या मारायला लावल्या, गरम चहा दिला, ओला सूट काढायला लावून ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. आई त्याला तिथल्या शेतांबद्दल विचारत होत्या. गावात पाणीवाटपाला ‘चुरपोन’ नेमतात, तो ठरवेल त्या पाळीने पाणी मिळतं, असं त्याने सांगितलं. पांझरेवरच्या फडात पाणी द्यायला पाटकरी असतो तसाच हा, असं त्या आनंदाने आम्हाला समजावत होत्या. थोड्या वेळापूर्वी नदीतून ओढून काढलेलं हे माणूस आहे असं बघणाऱ्याला वाटलं नसतं.

कुणी जाणार असेल तर एवढं सांगते. लेहला पोहोचल्यावर दोन दिवस अंग हलवू नका. जुलैच्या ऐन पाण्यात जाण्यापेक्षा ऑगस्टच्या शेवटाला जा. पुढे सुरक्षेचा कयाक नसेल तर राफ्टमध्ये पाय ठेवू नका. लहान मुलं असतील तर सिंधूवरचा फे ते निमू हा सोपा टप्पा घ्या, झांस्करचा नको. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं नाव यादीत घालायचं असो की काढायचं, आधी त्यांना समोर बसवून विचारा. बीपी आहे, गुडघे दुखतात, भीती वाटते, हे त्यांना सांगता येतं.

पुतणीने परवा फोनवर आईंना विचारलं, पुढच्या वर्षी पुन्हा जायचं का. आई म्हणाल्या, “आते नको. पाणी भलतं थंडं शे.” त्यांनी स्वतः ठरवलं, आणि तो विषय संपला.