आषाढातला हिशेब

२०१६ सालच्या आषाढात आमच्या मामंजींच्या पोटात एकाएकी कळा सुरू झाल्या. तालुक्याला नेले, तर आतड्याला पीळ पडलेला. रातोरात शस्त्रक्रिया झाली आणि बिल आले १ लाख ८० हजार. उसाचे पैसे सोसायटीच्या कर्जात वळते झालेले, उरलेसुरले बी-बियाण्यात आणि खतात गेलेले. घरात रोकड म्हणावी तर दुधाच्या एका पंधरवड्याची. दोन दुभत्या म्हशी येईल त्या भावाने दारातून गेल्या, माझ्या पाटल्या गहाण पडल्या. मामंजी बरे झाले, पुढे सहा वर्षे जगले, याचे समाधान आहेच. पण रिकामा गोठा झाडताना सासूबाई एकदा म्हणाल्या, "माणूस वाचलं, पण घरातलं दूध आटलं." ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

म्हणून २०२४ च्या अक्षय तृतीयेला विम्याचे काम करणारे आमच्या भावकीतले एक भाऊजी घरी आले, तेव्हा मी चुलीपुढून उठून ओटीवर येऊन बसले. त्यांनी सांगितलेला विमा 'सुपर टॉप-अप' नावाचा. आम्हा दोघांना आणि दोन्ही मुलांना मिळून १० लाखांचा. त्यात 'डिडक्टिबल' म्हणून एक रक्कम ठरवायची असते. तेवढा खर्च आधी आपण सोसायचा, त्यावरचा कंपनीने. पाझर तलावाच्या सांडव्यासारखेच हे. पाणी सांडव्याच्या उंचीला येईपर्यंत पलीकडे थेंब पडत नाही. सांडवा उंच ठेवला तर हप्ता कमी, खाली ठेवला तर हप्ता जास्त.

आम्हाला तीन आकडे मिळाले. डिडक्टिबल २ लाख, तर वर्षाचा हप्ता ९,६००. तीन लाखांना ७,४००. पाच लाखांना ५,२००. ह्यांचे मन लगेच शेवटच्या आकड्यावर गेले. म्हणाले, "सरकारची महात्मा जोतिराव फुले योजना आहेच की. पाच लाखांपर्यंत ती बघेल, वरचं हा विमा बघेल."

बोलणे वावगे नव्हते. ती योजना मोठा आधार आहे, आणि ज्यांनी तिची कार्डे काढली नसतील त्यांनी आधी ती काढावीत. पण ती चालते यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांना. रात्री अपरात्री रस्त्यात माणूस पडले, तर आपण यादी बघत नाही, जवळचा दवाखाना बघतो. मी एवढेच विचारले, "त्या रात्री पाच लाख आणायचे कुठून?"

मग मी वही काढली. पहिला हिशेब हप्त्याचा. पाच लाखांऐवजी दोन लाख धरले तर वर्षाला ४,४०० रुपये जादा जातात. पण आपल्या अंगावरचा बोजा तीन लाखांनी उतरतो. दर वर्षी ४,४०० बाजूला टाकून तीन लाख साठवायला ६८ वर्षे लागतील. आजार तेवढा थांबणार आहे का?

दुसरा हिशेब घरच्या ऐपतीचा. म्हैस न विकता, बांध गहाण न टाकता, सावकाराच्या पायरीला न जाता आठ दिवसांत किती पैसे उभे राहतील? ह्यांनी साडेतीन लाख सांगितले. मी म्हटले, "हा आकडा उसाचे बिल आल्यावरचा. आषाढातला सांगा." पेरणी झालेली, पीक रानात, हातात काही नाही, अशा महिन्याचा. पतसंस्थेतली ठेव, दुधाचे पैसे, माहेरून हक्काने मागता येतील ते, असे सगळे मांडले तेव्हा बेरीज आली २ लाख १० हजार. सांडव्याची उंची तिथेच ठरली. दोन लाख. ठेवीला हात लावायचा नाही, असेही त्याच दिवशी ठरले.

भाऊजींना मी आणखी एक गोष्ट खोदून विचारली. डिडक्टिबल दर खेपेला मोजतात की वर्षाचे मिळून? साध्या 'टॉप-अप'मध्ये प्रत्येक वेळच्या दाखल होण्याला ते वेगळे मोजतात. 'सुपर टॉप-अप'मध्ये वर्षभरातल्या सगळ्या बिलांची बेरीज धरतात. नावात एका शब्दाचा फरक, पण तो किती मोठा ते आम्हाला त्याच वर्षी कळले.

ऑक्टोबरात थोरला मोटारसायकलवरून पडला. जवळचा दवाखाना सरकारी योजनेत नव्हता. पायाच्या शस्त्रक्रियेचे १ लाख ६० हजार झाले. ते आम्ही ठेवीतून आणि दुधाच्या पैशांतून भरले. जानेवारीत ह्यांना न्यूमोनिया झाला, अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, १ लाख ३० हजार झाले. दोन्ही मिळून २ लाख ९० हजार. हातमोजे, सोबत्याचे जेवण अशा किरकोळ बाबींचे ६ हजार कंपनीने धरले नाहीत. दोन लाखांवरचे ८४ हजार मिळाले. साधा टॉप-अप असता तर एक पैही आली नसती, कारण एकही बिल एकट्याने दोन लाखांवर गेलेले नव्हते.

पैसे मिळाले ते कागद जपले म्हणून. थोरल्याच्या वेळी विम्याकडून काही मिळणार नव्हते, तरी सुट्टीचा कागद, मूळ बिले, औषधांच्या पावत्या मी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. त्याशिवाय बेरीज झालीच नसती.

बायांनो, एवढे मात्र ध्यानात ठेवा. रक्तदाब, साखर असेल तर अर्जात लपवू नका. जुन्या आजाराला कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबायला लावू शकते, पण लपवले तर ऐन वेळी सगळेच हातचे जाते. नव्या विम्यात अपघात सोडून इतर आजारांना पहिले ३० दिवस पैसे मिळत नाहीत. कागद हातात आल्यावर ३० दिवसांत तो पटला नाही तर परत करता येतो, म्हणून मुलांकडून वाचून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरच्या आरोग्य विम्यावरचा जीएसटीही उठला आहे. आणि ज्या घरात आषाढात पन्नास हजारही उभे राहत नाहीत, त्यांनी डिडक्टिबलच्या वाटेला जाऊ नये. त्यांना सरकारी योजना आणि पहिल्या रुपयापासून खर्च देणारा लहानसा विमा बरा.

आज आमच्या गोठ्यात एकच म्हैस आहे. त्या वर्षी दोन आजारपणे आली, ठेव मोडली, ओढाताण झाली. पण तिच्या दाव्याला कुणी हात लावला नाही. सासूबाई अजून पहाटे उठून तिची धार काढतात.