निन्ची, केन्क्यो, किसो

जपानीच्या एन-वन परीक्षेत गुन्हेगारीचे शब्द आले की मुलं याद्या पाठ करू लागतात. माझ्या शिकवणीत हे शब्द खटल्याच्या वाटेने येतात. गुन्हा पोलिसांना कळला की ‘निन्ची’. आरोपी ठरवून त्यांनी प्रकरण उलगडलं की ‘केन्क्यो’. त्यात अटक असतेच असं नाही. कागद सरकारी वकिलाकडे गेले की ‘सोओकेन’, त्याने खटला भरला की ‘किसो’.

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या शहापुरात जपानी कानावर पडत नाही. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहाराला जपानी उपासक येतात, पण तिथल्या बोलण्यात हे शब्द कशाला येतील! म्हणून मी ‘हान्झाइ हाकुशो’ वाचायला लावते. जपानच्या न्याय मंत्रालयाची ही गुन्हेगारीवरची श्वेतपत्रिका १९६०पासून दरवर्षी निघते.

तिच्यातला ‘साइहान्शा-रित्सू’ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०२०मध्ये तो ४९.१ टक्के होता. मुलं लगेच म्हणतात, सुटलेल्यांपैकी निम्मे पुन्हा गुन्हा करतात. तसं नाही. केन्क्यो झालेल्यांत आधी गुन्हा केलेले किती, एवढंच तो सांगतो. सुटून पुन्हा तुरुंगात गेलेल्यांसाठी ‘साइन्यू-रित्सू’ आहे. २०१९मध्ये सुटलेल्यांपैकी दोन वर्षांत परतलेले होते १५.७ टक्के. पहिला दर वर्षानुवर्षं चढला, तेव्हा जुन्या गुन्हेगारांची संख्याही घटतच होती. नवखे त्याहून झपाट्याने कमी झाले, म्हणून टक्का वाढला. ही गफलत तशीच राहिली तर सुटून आलेल्या माणसाला कामावर ठेवायला कोण तयार होईल?

निन्ची झालेले गुन्हे २००२मध्ये साडेअठ्ठावीस लाखांवर होते, २०२१मध्ये पावणेसहा लाखांच्या आत आले. जे पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत, ते ‘आन्सू’.

आपल्याकडच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा अहवालही आम्ही शेजारी ठेवतो. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर मोजणीत सर्वांत गंभीर तेवढा धरतात. इथे खैरलांजीचा विषय निघतोच. मोहाडी तालुक्यातलं ते गाव आमच्याच जिल्ह्यातलं. २००६च्या सप्टेंबरात तिथे एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयात खून सिद्ध झाला, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमं लागू धरली गेली नाहीत. जातीमुळे हे घडलं असं मानणाऱ्या घरांतली मुलं माझ्यासमोर बसलेली असतात.

‘यूझाइ’ म्हणजे दोषी. म्हणून हा शब्द आला की मी विचारते, कोणत्या गुन्ह्यात? सात्सुजिन-झाइ म्हणजे खून, सेत्तो-झाइ म्हणजे चोरी. ते वहीत लिहून झाल्याशिवाय मी पान उलटू देत नाही.