दूध तरी जातंय ना पोटात!

नाशिक, रविवार रात्र

चि. सौ. सोनूस,


दुपारी फोनवर तू म्हणालीस, "मावशी, जेवत नाही तर नाही, दूध तरी जातंय ना पोटात!" ताटावर बसले, पण घास उतरेना. हेच वाक्य, याच शब्दांत, मी एकदा ताईला, तुझ्या आईला, म्हटलं होतं. पुढचं सगळं तिने पाहिलंय. दवाखान्यातल्या त्या बाकावर रात्रभर माझ्याशेजारी तीच होती.

आधी तू विचारलंस ते सांगते. तुझ्या चिकूला वर्ष झालं, आता डब्याच्या पावडरीची गरज नाही. पिशवीचं साधं दूध उकळून दे, पाणी न घालता. चव एकदम बदलली तर तोंड फिरवेल, म्हणून पावडर नेहमीसारखी पाण्यातच कालव आणि त्यात साधं दूध आधी पाव हिस्सा, मग निम्मं, असं वाढवत ने. पावडर थेट दुधात मात्र कालवू नकोस. फार दाट होतं ते, बाळाला झेपत नाही.

पण सोनू, दिवसाला पाच बाटल्या? अडीचशेच्या पाच म्हणजे सव्वा लिटर झालं गं! एवढंसं पोट ते, वरणभाताला जागा कुठे उरणार? या वयाला चारपाचशे मिलिलिटर पुष्कळ. लिटरभर दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, शिवाय दुधातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोहही नीट अंगी लागू देत नाही. मूल गुटगुटीत दिसतं, आल्यागेल्याकडून कौतुक होतं, आणि आतून रक्त कमी होत जातं. दूध जेवणाच्या सोबतीला असतं, जेवणाच्या जागी नाही. हे मी तुला पन्नासदा सांगेन.

आपल्या आजीचं चांदीचं बोंडलं आठवतं? चोचीशी जरा चेपलेलं. तुलाही त्यानेच पाजलंय. मांडीवर डोकं उंच धरायचं, एक घोट घशाखाली उतरला की मगच दुसरा, आणि मानेवर आलेला ओघळ पदराने टिपायचा. आडवं निजवून तिने कुणालाच पाजलं नाही. बोंडलं बोटाने घासून लख्ख होतं, बाटलीच्या बुचात मात्र साय अडकून राहते. बाटलीच्या आणि डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आली, ती काय उगाच?

तेव्हा दुपारची बाटली आधी बंद कर, निजतानाची शेवटी. छोट्या स्टीलच्या पेल्यात दोन घोटच दूध घाल आणि पेला चिकूच्याच हातात दे. सांडेल, सांडू दे. साखर अजिबात नको. आणि जावईबापूंना माझं नाव घेऊन सांग, रात्री रडला की बाटली तोंडात देऊन निजवायचं नाही. दूध दातांवर साचून राहतं आणि वरचे पुढचे दात किडतात. हिरडीलगत पांढरट चट्टे आलेत का, ओठ उचलून बघ. जेवायला तुमच्याबरोबरच बसव. मऊ वरणभात, वर तूप आणि लिंबाचे चार थेंब. लिंबाने लोह अंगी लागतं. कधी नाचणीची खीर, कधी अंडं. दोन दिवस हटून बसेल, म्हणून लगेच बाटली पुढे करू नकोस.

आता खरं लिहिते. वाढदिवसाच्या फोटोत त्याचे ओठ मला फिके वाटले. उजेडाचा दोष असेल, असावाच. तरी सकाळी त्याला खिडकीशी ने आणि खालची पापणी हलकेच ओढून बघ, आतून लालसर दिसायला हवी. माती, भिंतीचे पोपडे तोंडात घालतो का? काहीही असलं-नसलं तरी या आठवड्यात डॉक्टरांना दाखव आणि हिमोग्लोबिन तपासून घे.

रिपोर्ट आला की आधी मला फोन कर. ताईला मी सांगेन. तिला तो बाक आठवेल.

तुझी,
मावशी