चव्वेचाळिसाव्या नंबरचं गाणं

इंजिनिअरिंगच्या होस्टेलात गिटार हातात घेणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी 'विंड ऑफ चेंज'ची शिट्टी मारलेली असते. नाशिकच्या आमच्या कॉलेजात गॅदरिंगला दर वर्षी कुणीतरी मारायचंच आणि दर वर्षी ती माइकमध्ये फुस्स व्हायची. स्कॉर्पियन्स म्हटलं की हे एक गाणं, फार तर 'स्टिल लव्हिंग यू'. मला लिहायचंय ते त्याच अल्बमच्या अगदी शेवटी बसलेल्या गाण्याबद्दल: 'सेंड मी ॲन एंजल'.

'क्रेझी वर्ल्ड' हा अल्बम १९९० च्या नोव्हेंबरात आला. 'सेंड मी ॲन एंजल' त्यातलं अकरावं, शेवटचं गाणं. संगीत रुडॉल्फ शेंकरचं, शब्द क्लाऊस माइनचे. १९९१ मध्ये आधी 'विंड ऑफ चेंज' सिंगल म्हणून निघालं आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं. त्याच्या मागोमाग हे निघालं आणि चव्वेचाळिसाव्यावर थांबलं. बोर्डात आलेल्या थोरल्याच्या शाळेत धाकट्याला घातलं की जे होतं तेच.

पॉवर बॅलड हा प्रकार तसा ठरीव. एरवी कानठळ्या बसवणारा बँड हलक्या सुरात सुरुवात करतो, मग ड्रम्स येतात, आवाज चढतो आणि शेवटी सगळे मिळून आभाळाला हात लावतात. गाण्यांचा धंदा करणाऱ्यांना हा साचा फार आवडायचा, त्यामुळे त्या काळात असल्या गाण्यांचं पीकही उदंड आलं. बरीचशी आज ऐकवत नाहीत. 'सेंड मी ॲन एंजल' मात्र मला त्या साच्यातलं वाटतच नाही. कुणी सोडून गेलेलं नाही, कुणाची मनधरणी चाललेली नाही. आपल्याकडे ज्याला धावा म्हणतात, तो हा आहे. माणूस अडकलाय आणि वर बघून हाक मारतोय. ती हाक मारणाऱ्या माइनचा आवाज १९८१ मध्ये गेला होता, स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली होती. हे कळल्यावर त्याच्या वरच्या पट्टीकडे मी जरा वेगळ्या कानाने ऐकतो.

दुसरी गोष्ट त्याच्या इंग्रजीची. माइन जर्मन, त्याचं इंग्रजी शाळेच्या पुस्तकातलं. छोटी वाक्यं, ओळखीचे शब्द. गोरे समीक्षक त्यावर नाक मुरडत असतील, पण मराठी माध्यमातून आयटीआयला गेलेल्या माझ्या मामाला हेच इंग्रजी पुरलं. १९९२ मध्ये नाशिकच्या मेन रोडवरून त्याने ही कॅसेट आणली होती.

मामा ओझरचा. म्हणजे 'ओझर मिग'चा, कंडक्टर तेच ओरडतो. विमानाच्या नावाने ओळखलं जाणारं गाव महाराष्ट्रात दुसरं मला माहीत नाही. एचएएलचा इथला कारखाना १९६४ मध्ये आला तोच मुळी सोव्हिएत परवान्याखाली मिग-२१ बांधायला. मग मिग-२७ आलं, २००४ पासून इथे जोडलेली सुखोई-३० हवाई दलात जाऊ लागली. एका बाजूला द्राक्षबागा, बाणगंगा, चंपाषष्ठीला खंडेरावाच्या बारा गाड्या आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावरून कान फाडत जाणारं विमान. आम्हा पोरांना त्यात काही विसंगत वाटायचं नाही. मामा फिटर होता, आधी मिग-२७ वर, नंतर जुन्या मिग-२१ चं 'बायसन' करण्याच्या कामावर.

म्हणून 'विंड ऑफ चेंज' आमच्या गावात ऐकायला जरा विचित्रच. १९८९ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर झालेल्या महोत्सवात स्कॉर्पियन्स वाजवून आले, त्यातून ते गाणं सुचलं. १४ डिसेंबर १९९१ ला बँड क्रेमलिनमध्ये गोर्बाचोव्हना भेटला आणि दोन आठवड्यांच्या आत सोव्हिएत संघच उरला नाही. जगाने शिट्ट्या मारल्या. इकडे ज्या देशाच्या नकाशांवर, पुस्तकांवर आणि सुट्या भागांवर आपलं काम चालतं तो देशच नाहीसा झाला, तर पुढचा भाग कुठून यायचा, हा प्रश्न टाउनशिपमधल्या जेवणाच्या डब्यांभोवती चघळला जात होता. मामा ते गाणं फॉरवर्ड करायचा. त्याला राग नव्हता. "त्या गाण्यात बातम्या आहेत रे," एवढंच म्हणायचा.

आणि बातम्या शिळ्या होतातच. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर माइनला स्वतःच्याच गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी मंचावर बदलाव्या लागल्या. मॉस्कोचं कौतुक आता गाववत नव्हतं. शेवटच्या गाण्यात कुठलं शहर नाही, नदी नाही, साल नाही. त्यामुळे बदलायलाही काही नाही.

मामाला या गाण्याची गरज कधी लागायची हे मला उशिरा कळलं. कुठे मिग पडलं की पेपरात चार ओळी यायच्या. मामा त्या उभ्याने वाचायचा. कुठल्या तळावरचं, कुठला प्रकार, वैमानिक वाचला का. विमानाच्या प्रत्येक कामाखाली करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही असते. अपघाताची कारणं शंभर असू शकतात, बहुतेकांचा फिटरशी संबंधही नसतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्या संध्याकाळी तो कॅसेटची बी बाजू लावायचा आणि शेवटपर्यंत बसायचा. बटण आपोआप खट्‌कन वर येईपर्यंत.

२००६ मध्ये 'रंग दे बसंती' आला. देशभर पोरं मेणबत्त्या घेऊन निघाली. मी नऊ वर्षांचा, मामाच्या शेजारी बसून तो पाहिला. मिग कोसळल्यावर आमच्या रांगेत कुणीच रडलं नाही. सगळे ताठ बसले होते. 'उडती शवपेटी' हा शब्द लिहिणाऱ्याला तो सुचल्याचा आनंद होत असेल. पण ज्याने तीस वर्षं त्या यंत्राचे नट आवळले, त्याने तो शब्द घरी पोरांसमोर कसा वाचायचा?

मी आता पुण्यात कोड लिहितो. आमच्याकडेही कुठली ओळ कुणी लिहिली हे एका कमांडवर दिसतं. रात्री दोनला सर्व्हर पडला की सगळे आधी तेच बघतात. पण आमचं पडलं तर कुणाचा तरी रिफंड अडकतो. तेवढ्यावरही माझ्या पोटात गोळा येतो. मामाचा गोळा केवढा असेल, याचा अंदाज मला हेडफोनमधून हे गाणं ऐकताना थोडाफार येतो.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला. मामा निवृत्त आहे, टीव्हीसमोर बसला होता. मी व्हिडिओ कॉल केला. शेवटचं उड्डाण झालं, पाण्याचे फवारे उडाले, निवेदक भावुक झाला. मामा एवढंच म्हणाला, "लँडिंग चांगलं झालं." मग तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये बांधलेलं पहिलं तेजस मार्क-वन-ए उडालं, तेव्हा तो गच्चीवर गेला होता म्हणे. मामी सांगत होती, गुडघे दुखत असताना.

कॅसेट आता चालत नाही, फीत ताणली गेलीये. म्हणून मी त्याला २००१ च्या 'अकुस्टिका'मधलं 'सेंड मी ॲन एंजल' पाठवलं. लिस्बनच्या जुन्या मठात लोकांसमोर वाजवलेलं, फार देखणं ध्वनिमुद्रण. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं:

"पहिलंच बरं होतं. ह्यात लोक टाळ्या वाजवतात."