एकशे सत्तर मीटर

छत्रपती संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे 2017 साली एव्हरेस्टच्या माथ्याखाली 170 मीटरवरून खराब हवामानामुळे परतल्या. ती बातमी वाचून मी हळहळलो, पण त्या हळहळीत कौतुक नव्हतं. ‘एवढं गेल्यावर 170 मीटर ते काय!’ असं चारचौघांत बोललोही. लातुरात गंजगोलाईवरून चहा प्यायला माणूस याहून लांब चालत जातो.

असं बोलायला मला डोंगर माहीत असण्याची गरज वाटली नव्हती. आमच्याकडचे औसा, उदगीर आणि नांदेडकडचा कंधार हे किल्ले भुईकोट. चढायचं ते माहूरला, रेणुकामातेच्या पायऱ्या नाहीतर दत्तशिखर. वाटेत दुकानं, पाणी, माणसांची वर्दळ. दम लागला की पायरीवर टेकायचं आणि पुन्हा उठायचं. चढायचं ते दर्शनासाठी आणि दर्शनावाचून माघारी आलो तर खेप वाया, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं.

तेच डोकं घेऊन मी नांदेडच्या मेहुण्याबरोबर भर पावसाळ्यात कळसूबाईला गेलो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट आहे आणि कठीण टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. शिड्या आहेत म्हणजे सोपंच असणार, असा आमचा हिशेब. तयारी म्हणाल तर रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली. गावातून माथ्यापर्यंत आठ-नऊशे मीटर चढून जायचं असतं, याचा अर्थ पहिल्या तासातच पोटऱ्यांना कळला.

मग पाऊस सुरू झाला आणि आम्ही चक्क खूश झालो. ज्या लातूर शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या शहरातल्या माणसाला पावसाची भीती वाटणार कुठून? आमच्याकडे पाऊस आला की लोक दारात येऊन उभे राहतात. सह्याद्रीतला पाऊस मात्र तासाभरात वाट बदलून टाकतो, हे बघितल्याशिवाय पटत नाही. कातळ बुळबुळीत झाला, धुकं इतकं उतरलं की पुढच्या शिडीचं वरचं टोक दिसेना, आणि त्याच शिडीवरून उतरणारी माणसं समोर येऊन थांबली. मेहुण्याच्या मांडीत गोळा आला होता, तरी तो म्हणाला, “दाजी, आता माघारी गेलो तर घरी काय सांगायचं?” माझ्याही मनात तेच होतं.

बरोबर गावातला एक तरुण वाटाड्या होता. तो वाद घालत बसला नाही. म्हणाला, “काका, चढाल हो तुम्ही. पण उतरणार कोणाच्या पायांनी?”

आम्ही फिरलो. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. गुडघे थरथरत होते, शिडीवर पाऊल ठेवताना दरवेळी मुद्दाम खाली बघावं लागत होतं. बारीत पोहोचलो तेव्हा अंधार पडायला आला होता. वर गेलो असतो तर याच शिड्या रात्री, पावसात उतराव्या लागल्या असत्या.

त्यानंतर ते 170 मीटर मला वेगळे दिसू लागले. एक तर ती उंची होती, चालायचं अंतर नव्हे. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. पाठीवरचा ऑक्सिजन परतीलाही पुरवायचा असतो. आणि माथा गाठून उतरताना जीव गमावलेले गिर्यारोहक तिथं थोडे नाहीत. 2018 च्या मे महिन्यात मनीषाताई पुन्हा गेल्या आणि माथ्यावर पोहोचल्या. मला मात्र आज त्यांचं 2017 मधलं परतणं जास्त अवघड वाटतं. त्या पोहोचल्या नसत्या तरी माझं हे मत बदललं नसतं.

गंमत म्हणजे ही समजूत आपल्याकडे आधीपासून आहे. आषाढीला पंढरपुरात गाभाऱ्यापर्यंत जाणं जमलं नाही की वारकरी कळसाचं दर्शन घेऊन माघारी वळतो. त्याची वारी अर्धी राहिली असं कुणी म्हणत नाही. डोंगराच्या बाबतीत मात्र आपण माथ्यावरचा फोटो मागतो. मेहुण्याला अजून हे पटलेलं नाही. ‘वाटाड्या नसता तर गेलोच असतो’ असं तो नांदेडात सांगत असतो, आणि ते खरंही आहे.

मी पुन्हा जाणार आहे, हिवाळ्यात. नांदेड-लातूरकडून पहिल्यांदाच निघणाऱ्यांना एक विनंती: गावातला वाटाड्या घ्या, किती वाजता मागं फिरायचं ते पायथ्याशीच ठरवा, आणि निघताना घरी ‘शिखर करून येतो’ असं सांगू नका.