कबरींच्या शेजारी चहा

मयताच्या घरी चूल पेटवायची नाही, ही आपल्याकडील जुनी रीत. शेजारपाजारहून पेज येते, भात येतो आणि घरची माणसे कसेबसे चार घास गिळतात. मरण आणि अन्न यांच्यामध्ये अंतर असावे, हे आपल्या मनावर लहानपणापासून ठसलेले असते. त्यामुळे अहमदाबादेत कबरींच्या मधोमध मेजे मांडलेले एक उपाहारगृह आहे, असे प्रथम कानी आले तेव्हा आम्हांला तो निव्वळ विक्षिप्तपणा वाटला.

गेल्या हिवाळ्यात एका स्नेह्यांसमवेत त्या शहरी जाण्याचा योग आला. स्नेही निवृत्त शिक्षक. दीड वर्षापूर्वी त्यांची पत्नी प्रभुघरी गेली. तेव्हापासून ते जेवणाच्या मेजाशी बसत नाहीत, ताट घेऊन ओटीवर जातात, हे आम्हांला ठाऊक होते. साहजिकच त्यांना अशा ठिकाणी नेण्यास आम्ही कचरत होतो. पण त्यांनीच आग्रह धरला. "फादर, कबरीची मला भीती नाही," ते म्हणाले, "घरातल्या रिकाम्या खुर्चीची आहे."

लाल दरवाजा भागात, दगडी जाळीसाठी विख्यात असलेल्या सिदी सय्यद मशिदीच्या जवळच हे 'न्यू लकी रेस्टॉरंट' आहे. १९५० च्या दशकात एका जुन्या मुस्लिम दफनभूमीलगत येथे चहाची टपरी सुरू झाली. व्याप वाढला तसे छप्परही वाढत गेले. कबरी मात्र जागच्या हलवल्या नाहीत. प्रत्येकीभोवती लोखंडी गज लावले आणि उरलेल्या जागेत मेजे मांडली. एका झाडाचे खोडही तसेच राखलेले असून ते छतातून वर गेले आहे. आपल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन येथे चहाला येत. १९९४ साली त्यांनी भेट दिलेले चित्र भिंतीवर आहे. हुसेन २०११ मध्ये लंडनला निवर्तले आणि इंग्लंडमध्येच त्यांचे दफन झाले.

आम्ही चहा व मस्काबन मागवले. हाताशीच एक कबर होती, तिच्यावर ताजी फुले. रोज सकाळी कबरी पुसून फुले वाहण्याचा तेथील परिपाठ आहे. कपबशांचा ट्रे घेतलेला पोऱ्या दोन कबरींमधून अंग चोरून, पण सराईतपणे जात होता. पलीकडे महाविद्यालयीन मुलांचा घोळका खळखळून हसत होता.

स्नेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "येथे कोणी आवाज खाली करीत नाही. आमच्या घरी मात्र सगळे कुजबुजतात. मला वाईट वाटेल म्हणून मुले तिचे नावसुद्धा काढत नाहीत. ती गेली ती गेलीच, पण तिचे नावही घरातून गेले." त्यानंतर ते आपणहून पत्नीविषयी बोलू लागले. ती चहात आले किती घाली, मासळी निवडताना कोळणीशी कशी हुज्जत घाली. बशीत चहा निवून गेला. आम्ही दुसरा मागवला.

विचार करता, ख्रिस्ती माणसाला हे दृश्य परके वाटू नये. रोमच्या भुयारी दफनभूमींत आरंभीचे ख्रिस्ती लोक आपल्या मृतांच्या थडग्यांपाशी जमून स्मरणभोजन करीत. संत मोनिका मिलान शहरी हुतात्म्यांच्या समाधींपाशी भाकरी आणि द्राक्षारस घेऊन गेली, तेव्हा द्वारपालाने तिला अडवले. अशा प्रसंगी मद्यपानाचा अतिरेक होई, म्हणून बिशप संत अम्ब्रोज यांनी ही प्रथा बंद केली होती. मोनिकेने ती आज्ञा शिरोधार्य मानली आणि पुढे ते अन्न गोरगरिबांना वाटले, असे तिचे पुत्र संत ऑगस्टीन यांनी लिहून ठेवले आहे. भोजने थांबली, पण वेदी थडग्यापासून दूर गेली नाही. रोमच्या महामंदिराची मुख्य वेदी संत पेत्राच्या थडग्यावरच उभारलेली आहे. आपल्या वसई किल्ल्यातील फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्येही पायांखाली शिलालेख कोरलेली थडगी आढळतात. मृतांच्या सहवासात मेजवानीला बसणे हाच तर मिस्साविधीचा एक अर्थ आहे.

हे सारे आपण विश्वासांगीकारात दर रविवारी म्हणतो. प्रत्यक्षात २ नोव्हेंबरच्या आधी दफनभूमीतले गवत काढतो, क्रूसाला चुना लावतो, मेणबत्त्या पेटवतो. मग वर्षभर तिकडे फिरकत नाही. घरीही मृतांचा विषय निघाला की कोणीतरी तो बदलतो. शोकाकुल माणसाला जपण्याच्या हेतूने आपण त्याला एकटे पाडतो.

आमचे स्नेही आता घरी मेजाशी बसतात की नाही, हे आम्ही विचारलेले नाही. परतीच्या गाडीत त्यांनी मुलीला फोन लावला आणि आईची सुक्या बोंबलाची चटणी कशी होती ते तिला विचारले. पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही. मग दोघेही बोलत राहिले, आणि आम्ही खिडकीबाहेर पाहत बसलो.

ज्या घरात यंदा एक खुर्ची रिकामी झाली आहे, तेथे आपण सांत्वनाला जाऊ. जाताना पेज जरूर न्यावी; पण गेलेल्या माणसाचे नावही मोकळ्या आवाजात घ्यावे.